सासूबाई पुलावर

फ्रीसलँड प्रांतातल्या गावागावांतून होणाऱ्या शंभर किलोमीटरच्या रिले शर्यतीत वीब्रेन आपल्या क्लबचा संघप्रमुख होता. दहा धावपटू, दोन गाड्या आणि चाळीस पानांचं वेळापत्रक त्याच्या ताब्यात होतं. कुणी कुठल्या वळणावर केळं खायचं, हेसुद्धा त्याने लिहून ठेवलं होतं.

प्रत्येक संघाने आयोजकांना एक स्वयंसेवक द्यायचा असा नियम होता. वीब्रेनने सासूबाईंचं, आफ्केबाईंचं, नाव परस्पर देऊन टाकलं.

"मला विचारायची पद्धत नाही का?" त्या म्हणाल्या.

"आई, नुसतं उभं तर राहायचंय."

शर्यतीच्या दिवशी आफ्केबाई पिवळं जाकीट घालून कालव्याच्या पुलापाशी उभ्या राहिल्या. पुलावर गाड्यांना सक्त मनाई होती. दुपारी संघ चार मिनिटं मागे पडला, तशी पुढच्या धावपटूला लवकर पोहोचवायला वीब्रेनने गाडी थेट पुलावर घातली. सासूबाईंनी हात आडवा केला.

"आई, मी आहे!"

"दिसतंय. संघाचा नंबर सांगा."

"अहो, तुम्ही आपल्या संघाच्या ना?"

"मी आयोजकांची, जावईबापू. तुम्हीच दिलंत ना मला त्यांना?"

पंधरा मिनिटांचा दंड बसला आणि तिसऱ्या क्रमांकावर आलेला संघ अकरावा झाला. संध्याकाळी जेवताना वीब्रेन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हल्ली स्वयंसेवकांना काडीची अक्कल नसते."

सर्वांत मोठा टप्पा धावलेली यिल्डाऊ म्हणाली, "पुढच्या वर्षी तू धाव. गाडी आम्ही बघतो."

वीब्रेनने लगेच आपल्या गुडघेदुखीचा इतिहास सांगायला घेतला.