गुत्त्याचं ठेंगणं दार

ती घटना आठवली की आजही माझा हात आधी कपाळाकडे जातो.

जत तालुक्यात, विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर काळ्या दगडाचा एक दारूचा गुत्ता होता, बैलगाड्यांच्या काळात बांधलेला. गाडीवानाला बैल सोडून उतरावं लागू नये म्हणून रस्त्याकडे खिडकी. पेला तिथूनच मिळे. आत पिंपांची खोली. कुणी पिंप उचलून पळू नये म्हणून तिचं दार मुद्दाम छातीएवढं, आणि उंबऱ्यापलीकडे अंधारात हातभर खोल पायरी.

त्या खोलीत म्हातारा मालक डोकं फुटून बेशुद्ध सापडला. मिरजेच्या दवाखान्यात त्याचं काही खरं नव्हतं. तिथला फौजदार म्हणून पंचनाम्याला मी ताठ मानेनं शिरलो, चौकटीवर आपटलो आणि थेट पायरीखाली गेलो. हवालदार म्हणाले, "सायेब, गुन्हा कसा घडला ते करून नका दाखवू."

शेजारच्या कडबा व्यापाऱ्यानं खबर दिली, एका मेंढपाळाला भांडत आत शिरताना पाहिलं. व्यापारी पांढऱ्या कपड्यांतला, निर्व्यसनी. "मी त्या गुत्त्यात कधी पाऊल टाकलेलं नाही," म्हणाला. मी मेंढपाळाला अटक केली. त्याची बायको मेंढरं घेऊन ठाण्यासमोर येऊन बसली. "आवं सायेब, धनी आत आन् मेंढरं उन्हात. पान्याबिगर मरत्याल की."

चौकशीत मेंढपाळाचं एकच. "मी खिडकीतनंच घेतोय. मेंढरं सोडून आत कवा जाऊ?" जागेवर नेला, तर तोही दणकन आपटला. मी म्हणालो, सोंग.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला कोर्टात उभं करायचं होतं. सकाळी माझ्या टेंगळाला हळद लावताना सौ. म्हणाली, "नवखा माणूस आपटणारच."

मी तसाच उठलो. व्यापाऱ्याला गुत्त्यावर बोलावलं आणि पावसापाण्याच्या गप्पा मारत आत नेलं. पिंपांच्या खोलीशी तो बोलता बोलता वाकला, न बघता पाय खाली सोडला आणि सरळ उभा राहिला. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं.

"शेठ, पायरी कशी कळली?"



नुसत्या वाकण्यावर कोर्ट शिक्षा देत नाही. पण तासाभरात त्यानं कडब्याच्या गंजीत लपवलेली पहार पंचांसमक्ष काढून दिली. रस्त्याकडेची ती जागा त्याला हवी होती, म्हातारा विकत नव्हता. पुढं म्हातारा वाचला.

मेंढपाळ सुटला. जाताना माझं कपाळ न्याहाळून म्हणाला, "एकाच दारानं दोघांस्नी टेंगूळ दिलं, सायेब. आत मातुर मी एकलाच."

पांढऱ्या कपड्यांचा जबाब मी बसून ऐकला होता, घोंगडीवाल्याचा उभ्या उभ्या. तेव्हापासून ठेंगण्या दारातून जाताना मी आधी वाकतो. सौ. म्हणते, "नोकरीत थोडं आधी वाकला असता, तर त्या मेंढरांना वेळेवर पाणी मिळालं असतं."