सुईच्या टोकावरचं तेल

माझ्या मावशीने उभ्या जन्मात कुणाचं कौतुक केलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि स्वतःची चूक कबूल केलेली तर नाहीच नाही. तीस वर्षं तिने घड्याळं दुरुस्त केली. पुढे लोक फोनवरच वेळ बघायला लागले, तेव्हा ती आमच्या नेमबाजी क्लबात पिस्तुलं दुरुस्त करायला आली. मी तिथे नोंदवही सांभाळते. भाची असल्याचा फायदा एवढाच, की ओरडा सगळ्यांच्या आधी मला बसतो.

क्लबात एक बेकरीवाली येते. पहाटे भट्टी, दुपारी सराव. तिने नवं कोरं पिस्तूल घेतलं आणि तिच्यामागे शुक्लकाष्ठ लागलं. गोळी सुटली की रिकामी पुंगळी बाहेर पडायला हवी, ती दर वीस-पंचवीस गोळ्यांनी मध्येच अडकायची. संघाची निवड तीन आठवड्यांवर आलेली. साठ गोळ्या मारायच्या, तीनदा अडकलं की बाद. शिवाय वयाची अट अशी, की पुढच्या वर्षी तिचा अर्जच घेतला नसता.

मावशीने तिला पाच गोळ्या मारायला लावल्या आणि निकाल देऊन टाकला. "पिस्तुलाला काही झालेलं नाही. तुझं मनगट ढिलं पडतंय."

"रोज दहा-दहा किलो पीठ मळते मी, मावशी. ढिलं कसं पडेल?"

"पिठाला विचारून सांगू का?"

तरी मावशीने पिस्तुलाची लाकडी मूठ कोरायला घेतली. बेकरीवालीचा तळवा जाड, बोटं आखूड, आणि मूठ कुणा सडपातळ हातासाठी घडवलेली. मावशी तिला तळव्याला पीठ चोळून मूठ धरायला सांगायची. जिथे पांढरं उमटेल तिथे लाकूड दाबतंय, मग तिथे हलकेच कानस फिरवायची. आठवडाभरात मूठ अशी बसली, की बेकरीवाली म्हणाली, "आता खाली ठेववतच नाही."

पण अडकणं काही थांबेना, उलट वाढलं. बेकरीवाली मनगटाला पट्टी बांधून भट्टीपुढे उभी राहायला लागली. एकदा म्हणाली, "हातच गेला माझा." डोळे भरून आले होते तिचे. मला मावशीचा मनापासून राग आला.

निवडीला चार दिवस उरले असताना मी नोंदवही घेऊन बसले. कधी किती वेळा अडकलं ते त्यात होतं, आणि पिस्तूल साफ केल्याच्या मावशीच्या सह्याही होत्या. मी धीर करून म्हटलं, "मावशी, तू साफ करतेस ना, त्याच दिवशी ते जास्त अडकतं."

तिने चष्म्यावरून असं पाहिलं, की मी खुर्ची मागे सरकवली. मग तिने पिस्तूल खोललं. आतला सरकता भाग ज्या खाचांतून धावतो, त्या कोरड्या ठणठणीत होत्या. नव्या धातूवर घासल्याचे चरे उठले होते. घड्याळाला तेल द्यायचं ते सुईच्या टोकावर राहील एवढंच, थेंबभर जास्त झालं तर घड्याळ बंद पडतं. नवं पिस्तूल मात्र सुरुवातीला भरपूर तेल मागतं. हे मावशीला चांगलं ठाऊक होतं, पण तिच्या हाताला तीस वर्षांची सवय. दर वेळी ती सगळं तेल पुसून पिस्तूल लख्ख करत होती आणि सुईने ठिपका ठेवत होती.

चहा न पिता ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सगळे नेमबाज जमलेले असताना ती उभी राहिली. "चूक माझी होती. तेल मी कमी घालत होते आणि खापर हिच्या हातावर फोडलं."

बेकरीवाली तिच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे माझा हात बरा आहे?"

"पट्टी सोड ती," मावशी म्हणाली, आणि बेकरीवालीच्या बोटांना गाठ सुटेना तेव्हा स्वतःच सोडली.

निवडीत चौघींना घेणार होते. बेकरीवाली चौथी आली. सगळे निकालाच्या फलकाकडे धावले. मावशी मात्र गुडघे टेकून जमिनीवरच्या पुंगळ्या मोजत होती. साठच्या साठ भरल्या.

बेकरीवालीने तिला उठवायला हात दिला. मावशी उठली, पण तो हात तिने लगेच सोडला नाही.

"हात चांगला आहे गं तुझा," ती म्हणाली.

मी ते नोंदवहीत तारीख घालून लिहून ठेवलं आहे.