घोटीपलीकडचं सुट्टीचं घर

इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसायची आणि तिच्यावरच्या काळ्या टाक्या. मला त्याचं काही वाटत नसे. लहानपण भाड्याच्या खोल्यांत आणि सार्वजनिक नळावर गेल्यामुळे स्वतःचा दरवाजा आणि स्वतःचा नळ एवढ्यावर मी खूश होते. यांचं तसं नव्हतं. सातपूरच्या एका कारखान्यात हे दिवसभर यंत्रांच्या आवाजात असत. घरी आले की म्हणत, आठवड्यातून एक दिवस तरी कानावर काही पडू नये अशी जागा हवी. मी हसण्यावारी नेई.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर यांच्या एका सहकाऱ्यानं घोटीच्या पलीकडच्या गावातलं एक घर सुचवलं. गावठाणातलं होतं, शेतजमिनीतलं नव्हे, म्हणून आमच्यासारख्या नोकरदारांना घेता येत होतं. थंडीत आम्ही ते बघायला गेलो. कौलारू छप्पर, सागाचे खांब, मातीच्या भिंती, पुढे ओटा. मागच्या दारातून भाताची कापून झालेली खाचरं आणि त्यांच्यापलीकडे उभा डोंगर. कौलं ठिकठिकाणी सरकलेली, एका भिंतीला वाळवी लागलेली. हे मागच्या दारात उभे राहिले ते हलेचनात. मला तेव्हाच कळलं की आता आपलं काही चालायचं नाही.

घराचा मालक वयानं माझ्याहून लहान. पिंपळगाव बसवंतला सासऱ्याच्या टेम्पोवर असायचा आणि द्राक्षांच्या हंगामात गावाकडे त्याला डोकावताही येत नसे. गावात आता आपलं कोणी नाही, घर पडून जाण्यापेक्षा कोणी नांदतं केलं तर बरं, असं त्यानं सांगितलं. आम्ही घर बघत होतो तेव्हा पन्नाशी उलटलेल्या एका बाईनं आम्हाला तांब्यातून पाणी आणून दिलं. ती शेजारीण असेल असं आम्ही धरून चाललो.

व्यवहार झाला. पुढच्या शनिवारी घोटीच्या एका गवंड्याला बरोबर घेऊन आम्ही गेलो, तर कुलूप नव्हतं. आत चूल पेटलेली होती आणि तीच बाई भाकरी थापत होती. आम्हाला बघून तिनं हात धुतले, घोंगडी अंथरली आणि बसा, चहा ठेवते, म्हणाली.

ती मालकाची थोरली बहीण होती. गाव तिला आक्का म्हणायचं. लग्नानंतर नवऱ्यानं जी माहेरी आणून सोडली ती परत नेलीच नाही. आईबापांचं शेवटचं सगळं तिनं केलं होतं, भावालाही तिनंच वाढवलं होतं. चहा पिताना तिनं आम्हाला सांगितलं की भाऊ सांगून गेलाय, नाशिकची माणसं येतील आणि घर नीट करतील. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. गवंडी कौलांकडे बघत राहिला.

घोटीच्या एसटीडी बूथवरून यांनी भावाला फोन लावला. तो अजिबात गडबडला नाही. द्राक्षांचा हंगाम संपला की आक्काला घेऊन जातो, म्हणाला. हंगाम संपल्यावर म्हणाला, पावसाळ्याआधी. पावसाळ्याआधी त्याचा फोन लागेना.

काम मात्र सुरू झालं होतं आणि ते तिच्या अवतीभवती चालू राहिलं. गवंडी एका खोलीत शिरला की आक्का तिची पत्र्याची पेटी उचलून दुसऱ्या खोलीत जायची. कौलं उतरवली तेव्हा तिनं ओट्यावर संसार मांडला. आम्ही शनिवारी जायचो आणि मधल्या दिवसांत काय ठरलं ते आम्हाला तिथे कळायचं. स्वयंपाकघरात मी कट्टा सांगितला होता, तिथे कट्टा नव्हता, चुलीची जागा उंच करून घेतलेली होती. मी गवंड्याला विचारलं, हे कोणी सांगितलं? तो सरळपणे म्हणाला, घरच्या बाईंनी. मी तिथेच उभी होते, पण घरची बाई म्हणजे मी नव्हे हे त्यालाही ठाऊक होतं.

मातीची जमीन काढून आम्ही शहाबादी फरशी घातली. हौसेनं घातली. पुढच्या सणाच्या आठवड्यात गेलो तर सगळी फरशी शेणानं सारवलेली, कडेनं पांढरी बोटं ओढलेली. सणाची भुई उघडी ठेवू नये, असं आक्का म्हणाली. हे बाहेर जाऊन ओट्यावर बसले. मी आत गेले आणि तिनं वाढलेली नागलीची भाकरी खाल्ली. भाकरी फार चांगली होती, हेही सांगायला हवं.

तिला सांगायला हवं यावर दर शनिवारी गाडीत आमचं एकमत व्हायचं. आज मी बोलतो, असं हे म्हणायचे. मग आत जायचे, तिच्या ट्रान्झिस्टरचं बटण दुरुस्त करून द्यायचे आणि बाहेर यायचे. गावातल्या कोणाला मध्ये घालावं म्हटलं तर सगळे मान हलवायचे आणि पावसापाण्याचं बोलायचे. भांडावं तर कोणाशी? ती आमच्याशी कधी वाकडं बोलली नाही, आमच्या वस्तूला हात लावला नाही. आमच्यासाठी नवी चादर तिनं वेगळी घडी करून ठेवलेली असायची.

शेवटी मीच बोलले. पावसाळा सरला होता, मागच्या दारात ती तांदूळ पाखडत बसली होती आणि मी तिच्यासमोर बसले. म्हटलं, आक्का, हे घर तुमच्या भावानं आम्हाला विकलंय. तुम्हाला ठाऊक आहे का?

तिचा हात थांबला नाही. "मला ठाव हाय ताई," ती म्हणाली. "पह्यल्या दिवसापासून ठाव हाय."

मी विचारलं, मग?

"मला कुणी जा म्हनलं नाय. भाऊ नाय बोलला, सायेब नाय बोलले. तुमी बोला, म्हंजी मी जाते."

तिनं माझ्याकडे पाहिलं ते रागानं नव्हे. खरंच वाट बघत होती. माझ्या तोंडात तो शब्द होता, घर आमचं होतं, आणि तो एवढासा शब्द मला उच्चारता आला नाही. मी तिच्या सुपातले खडे वेचायला लागले.

पुढच्या शनिवारी गेलो तर पेटी दाराशी आणून ठेवलेली. आक्का धुतलेलं लुगडं नेसून बसली होती. मला भावाकडे सोडा, एवढंच म्हणाली. यांनी पेटी डिकीत ठेवली. नाशिक ओलांडून पिंपळगावपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मध्येच एकदा, हे सगळं द्राक्षच का, एवढं तिनं विचारलं.

भाऊ द्राक्षांच्या एका शेडच्या मागे राहात होता. दाराबाहेर प्लॅस्टिकचे क्रेट माणसाच्या उंचीएवढे रचलेले, आत एक खोली आणि तिला जोडून स्वयंपाकाची अरुंद पट्टी. भावजयीनं चहा केला, पण पेटीकडे नजर जाऊ दिली नाही. भाऊ कामावरून आला, बहिणीला बघून दारातच थबकला, मग खाली बसला. थोड्या वेळानं तो यांना क्रेटच्या आडोशाला घेऊन गेला. मीही मागोमाग गेले.

"सायेब, ही जागा सासऱ्याची हाय," तो म्हणाला. "माझंच हितं काय चालत नाय, तिचं कसं चालंल?" आणि तो रडायला लागला. शेडमधले लोक बघत होते. त्याला झापायचं म्हणून आलेले हे त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले.

आम्ही आक्काला तिथे ठेवून परतलो. दुसरं करण्यासारखं काही सुचलं नाही. त्यानंतरच्या एका शनिवारी आम्ही पहिल्यांदा आमच्या घराचं कुलूप स्वतः उघडलं. गॅसची शेगडी आणली, भिंतीला लावायला चित्रं आणली. यांना हवी होती तशी शांतता होती, इतकी की आम्ही दोघं हळू आवाजात बोलत होतो. गावातलं कोणी ओट्यावर टेकलं नाही. पाणी मी विहिरीवरून आणलं तेव्हा बायका माझ्याशी नीट बोलल्या, बाजूला सरकून मला आधी पाणी घेऊ दिलं, आणि कोणीच आक्काचं नाव काढलं नाही. संध्याकाळ व्हायच्या आतच आम्ही परत निघालो. मुक्कामाचं ठरलेलं असूनही.

हिवाळा संपता संपता गेलो तर आक्का ओट्यावर बसलेली. एसटी बदलत बदलत आली होती, पेटी डोक्यावरून आणली होती. गालफडं बसली होती. कुलूप असल्यामुळे शेजारच्या पडवीत झोपत होती, पण दिवसा इथे येऊन ओटा झाडत होती. आम्ही काही विचारायच्या आत म्हणाली, तिथं जागा नाय, भावाची काय चूक नाय. मी पर्समधून किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली. हे बघत होते.

मग वर्षं गेली. आम्ही जायचो, पाहुण्यांसारखं राहायचो. येताना काय आणू, असं तिला विचारून जायचो. मातीच्या त्या भिंतीतली वाळवी पुन्हा वर आली, वानरांनी कौलं फोडली, आम्ही दुरुस्त करत राहिलो. घरपट्टी आमच्या नावावर येत राहिली. ओळखीचे विचारत, तुमचं ते फार्महाउस कसं आहे? छान आहे, असं आम्ही म्हणायचो. एकदोघांनी सल्ला दिला की वकील करा, बाईला बाहेर काढा. हे मान हलवायचे, अगदी त्या गावच्या लोकांसारखी.

दोन हजारनंतर केव्हातरी, महामार्ग रुंद करायचं काम चाललं होतं तेव्हा, आम्ही बऱ्याच महिन्यांनी गेलो. दारासमोर टेम्पोचं जुनं टायर पडलेलं, दोरीवर पुरुषांचे शर्ट आणि पोरांचे कपडे. आत भावजय चुलीपाशी बसली होती आणि भाऊ मागच्या दारात. तेच मागचं दार, जिथे हे थंडीत उभे राहिले होते. आम्हाला बघून तो उठला. सासरा वारला होता, मेव्हण्यांनी जागा खाली करायला सांगितली होती.

आक्का लगबगीनं बाहेर आली. तिचा चेहरा एवढा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. "ताई, भाऊ आलाय," ती म्हणाली. "राहू द्या ना थोडे दिस?"

घर विकून आलेले पैसे घेऊन तो मोकळा झाला होता, तिला वाऱ्यावर सोडून गेला होता, आणि आता ती त्याच्यासाठी माझ्यापुढे पदर सावरून उभी होती. मला राग आला, खरंच आला. तो कोणावर काढावा ते कळेना. भावजयीनं माझ्यासमोर चहाचा कप ठेवला. या वेळी तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. मी म्हटलं, आक्का, राहू द्या.

ते थोडे दिवस संपले नाहीत. त्याची मुलं घोटीच्या शाळेत जायला लागली. यांची पाठ दुखायला लागली, गाडी चालवणं जमेना, आणि आमचं जाणं सुगीच्या दिवसांत वर्षातून एकदा एवढ्यावर आलं. मागची खाचरं भाऊ वाट्यानं करायला लागला होता; नव्या भाताचं इंद्रायणीचं पोतं तो दरवर्षी एसटीच्या टपावर टाकून इंदिरानगरला स्वतः आणून द्यायचा, दारातच चपला काढून बसायचा, सोफ्यावर कधी बसला नाही. आम्ही त्याला कधी हिशेब विचारला नाही आणि त्यानं कधी माफी मागितली नाही.

एका वर्षी पोतं उतरवून झाल्यावर तो बराच वेळ घुटमळला. पाणी दोनदा मागितलं. मग यांच्याकडे न बघता म्हणाला, मुलगी मोठी झाली, आक्काला आता गुडघ्यांमुळे उठवत नाही, मागच्या बाजूला एक खोली काढली तर चालेल का? मागची बाजू म्हणजे खाचरांकडची, डोंगराकडची. खोली झाली की दारातून काही दिसणार नव्हतं.

यांनी थोडा वेळ चष्मा पुसला. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. मला वाटलं, आज तरी हे नाही म्हणतील, आणि म्हणाले तर मी यांची बाजू घ्यायची. मग हे म्हणाले, "काढ. पावसाआधी छप्पर घाल फक्त."