बाजेवरचं ऊन

भूकंपात माळवदाचं जड मातीचं छप्पर कोसळलं आणि माझी धाकटी बहीण गेली. पुनर्वसनाच्या नव्या घरी सौरदिवा मिळाला, पण त्याचं पॅनल छपरावर बसवू द्यायला आई तयार नव्हती.

“डोक्यावर आता वजन न्हाई पाहिजे.”

मग ते पॅनल अंगणातल्या बाजेवर, कुरडयांशेजारी पडून राही. ऊन सरकेल तशी आई बाज सरकवी.

“काय वैनी, ऊन वाळत घातलंया का?” शेजारीण हसे.

“हाव! पोरीला वाचाया लागतंय.”

रॉकेलचा वास नसलेल्या त्या पांढऱ्या उजेडात वाचूनच मी लातूरच्या क्लासपर्यंत पोचले.

इतक्या वर्षांनी, परवा, घरोघरी छतावर सौरवीज तयार करण्याच्या सरकारी योजनेतला माणूस आला. आईनं त्यानं आणलेल्या पॅनलची कड दोन्ही हातांनी उचलून तोलली. “चढवा,” म्हणाली, आणि घरातली स्वतःची निजायची बाज अंगणात नेऊन टाकली.