तेओफिलची जागा

स्कॉटलंडमधल्या गॅलाशील्स गावातल्या पोलिश लोकांना तेओफिल दुबित्स्कीबद्दल दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. एक, दुसऱ्या महायुद्धात त्याचा रणगाडा पेटला तेव्हा तो हॉलंडमधल्या बटाट्याच्या शेतातून कोपरांवर सरपटत जिवंत बाहेर आला. दुसरी, अळंबी काढायला निघाला की तो मुद्दाम चुकीच्या थांब्यावर बसमधून उतरतो. पहिल्या गोष्टीसाठी त्याला पदक मिळालं होतं. तोरा मात्र त्याला दुसरीचा होता.

युद्ध संपलं तेव्हा त्याचं पोलंडमधलं गाव होतं तिथेच होतं, सरहद्द तेवढी गावावरून सरकून पलीकडे गेली होती. घरी जायचं म्हणजे परदेशात जायचं. मग सैन्याचा सराव जिथे झाला होता त्या स्कॉटलंडमध्येच तो परतला आणि लोकरीच्या गिरणीत रंगखात्याला चिकटला. पहिल्याच पानगळीत टेकडीमागच्या रानात त्याला बर्चच्या झाडांखाली बोरोविक दिसली. तपकिरी टोपीची, गुबगुबीत, त्याच्या आईच्या परडीत असायची तश्शी. इथली स्कॉटिश माणसं या अळंब्यांना बुटाने उडवून पुढे जात. इथे आपलं निभेल, असं तेओफिलला त्या दिवशी वाटलं.

पुढे त्याने इजबेलशी लग्न केलं. ती तिथलीच, गिरणीतली. पहिल्या वर्षी तिने अळंबीच्या सुपाची बशी बाजूला सारली, नवरा सकाळी उठतो का ते पाहिलं, आणि मग न्याहारीला सगळं सूप संपवलं. ती गेली तोपर्यंत हक्काने आणखी वाढून मागत होती. पण सूप कुठून येतं ते तिलाही कधी कळलं नाही. पोलिश माणूस दुखणं सांगेल, पगार सांगेल, दोन घोट जास्त झाले तर पहिलं प्रेमही सांगेल. अळंबीची जागा तो पोटच्या पोराला सांगत नाही.

त्याच्याच तुकडीतला झेनोन हात धुऊन त्या जागेच्या मागे लागला होता. एकदा तो झाडांआड लपतछपत मागोमाग आला, तेव्हा तेओफिलने त्याला संध्याकाळपर्यंत दलदलीतून हिंडवलं. "बूट गेले माझे!" झेनोन आजही बोंब मारायचा. "तुझी नजर चांगली नव्हती, म्हणून गेले," तेओफिलचं उत्तर ठरलेलं.

आणि दर नाताळच्या आदल्या संध्याकाळी, पहिला तारा दिसला की पोलिश क्लबात जे सूप वाढलं जाई, ते तेओफिलने काढून, दोऱ्यात ओवून, चुलीवर सुकवलेल्या अळंब्यांचंच.

शहाण्णवाव्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि डोळ्यांनी अर्ध्या रजेचा अर्ज टाकला. हालिना, त्याची मुलगी, जी स्वतःच आता आजी होती, म्हणाली, "बाबा, यंदा रान बंद. जागा सांगा, मी काढून आणते."

"नाही."

"मग पोलिश दुकानात पाकिटं मिळतात, ती आणू."

तेओफिलने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती त्याच्या मयताची तयारी करत होती. पाकिटाचं सूप आलं की क्लबात आपण फक्त भिंतीकडच्या खुर्चीतला म्हातारा उरणार, हे त्याला कळत होतं.

"तू गाडीने सोड," तो म्हणाला. "पण गाडीतच बसायचं. तोंड रस्त्याकडे करून."

"मी पासष्ट वर्षांची आहे, बाबा!"

"म्हणूनच तर भरवसा नाही. लहान असतीस तर ऐकलं असतंस."

हालिनाने त्याने सांगितलं तिथे गाडी थांबवली. अर्थात, चुकीच्याच ठिकाणी. काठी टेकत, नाकाने वास घेत तेओफिल रानात शिरला. डोळ्यांनी नाही, पण पायांनी वाट ओळखली. बर्चखाली बोरोविक होती. भरपूर! तो गुडघ्यांवर बसला, देठ एकेक करून सुरीने कापले, उरलेल्या बुडख्यांवर पाला ओढला, परडी भरली. मग उठायला गेला, तर उठताच येईना.

काठी रुतली. झाड हाताला येईना. हाक मारली तर हालिना धावत येणार, आणि नेमकी इथेच येणार. नाही मारली तर थंडी. तेओफिलने थोडा विचार केला. मग परडीची कडी दंडात अडकवली, छाती जमिनीला टेकवली आणि कोपरांवर सरपटायला लागला. बटाट्याच्या शेतात मागे गोळ्या होत्या, इथे मागे बोरोविक होती. घाई तेवढीच. नेच्यांमधून, शेवाळावरून, मध्ये मध्ये दम खात तो एका रिकाम्या, कसलंच महत्त्व नसलेल्या पाईनच्या झाडापाशी पोचला. तिथे पाठ टेकून बसला, कॉलर नीट केली आणि मग ओरडला, "हालिना!"

ती धापा टाकत आली. बापाच्या कोपरांवर चिखल, हनुवटीवर शेवाळ, मांडीवर भरलेली परडी. आणि त्याच्यामागे नेच्यांमधून रानडुक्कर गेल्यासारखी चेपलेली सरळ वाट, पार बर्चपर्यंत.

हालिनाने ती वाट बघितली. मग बर्चकडे पाठ करून त्याला उठवलं. "इथे तर काहीच नाही, बाबा."

"काहीच नाही," तेओफिल म्हणाला.

त्याला गाडीत बसवून ती काठी आणायच्या निमित्ताने परत गेली. यायला तिला बराच वेळ लागला.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी झेनोनने बशी चाटूनपुसून संपवली आणि हालिनाची बाही ओढली. "पोरी, आता तरी सांग. कुठे जातो हा?"

"मला काय माहीत, काका? मी गाडीत होते."

"बापाचीच पोर!" झेनोन कुरकुरला आणि आणखी सूप घ्यायला गेला.

तेओफिल मुलीकडे झुकला. "नेचे उभे केलेस ना?"

"केले. वर पालाही टाकला."

"कोरडा?"

"कोरडा."

"मग झालं," तो म्हणाला, आणि बशी तिच्यासमोर सरकवली. "वाढ."