गाण्यातला दम

रबाळे स्टेशनबाहेर स्पीकर दुरुस्त करणारा एक जण बसतो, दिवाळे गावचा. स्पीकर कोणाचाही असो, टेस्टिंगला हा मोबाइलवरून एकच गाणं लावतो. कुठल्या तरी विसरलेल्या इंग्लिश बँडचं संथ, रडकं रॉक गाणं. भजनी मंडळाच्या स्पीकरवरसुद्धा तेच! इंग्लिश त्याला येत नाही.

माझा स्पीकर आणायला गेलो तेव्हाही तेच चालू होतं. आवाज खणखणीत. मी पिशवी उघडली, तर म्हणाला, "थांबा, अजून झाला नाय."

मी वैतागलो. "अहो, एवढा काय दम आहे त्या गाण्यात?"

"हाय ना," तो अगदी सरळपणे म्हणाला. "शेवटच्या कडव्याच्या आधी. पन तुमच्या स्पीकरात ऐकू येत नाय."

त्यानं स्पीकर पुन्हा खोलला, आतल्या एका सुट्या तारेला सोल्डर मारलं आणि गाणं लावलं. शेवटच्या कडव्याआधी गिटार थांबली. गाणाऱ्यानं दम घेतला, रडू आवरताना घेतात तसा, आणि मग गायला.

"आता न्या," तो म्हणाला.

मी पिशवीची घडी घालून स्टुलावर बसलो.

"परत लावा की."