तिसऱ्या मशीनवरचं इंग्रजी

शिलाईच्या दुकानात रोज झाडूनही दोन वस्तू संपत नाहीत. एक चिंध्या आणि दुसरे किस्से. चिंध्या मी पोत्यात भरून गादीवाल्याला देते. किश्शांना गिऱ्हाईक नाही, म्हणून ते साचत जातात. आता लेडीज टेलरच्या दुकानात इंग्रजी ग्रामरचे किस्से साचावेत हे विचित्र आहे, मला कळतं. त्यातून मी चौथी पास. पण साचले, त्याला मी काय करू?

दुकान आर्णीला, बस स्टँडच्या मागच्या रस्त्यावर. मशीन तीन. एक माझी. दुसरीवर पायल, ती तांड्यावरून सायकलनं येते. तिसरीवर शबाना बसायची, समोरच्या रफीकभाई मेकॅनिकची मुलगी. दोघींचेही दहावीचे बाकी विषय निघाले होते, इंग्रजी तेवढा राहिला होता. दिवसा शिलाई, आणि शिलाई करता करता ग्रामर, असं आमचं चालायचं.

तिसरी मशीन सध्या झाकून ठेवली आहे. बाया विचारतात, "वंदनाताई, नवी पोट्टी काहून ठेवत नाही?" मी त्यांना गळ्याचं माप विचारते.

•

शबाना इंग्रजीत दुसऱ्यांदा गेली त्या दिवशीचं सांगते. निकाल तिनं घरीच मोबाईलवर पाहिला. अकराला दुकानात आली, मशीनमध्ये दोरा ओवला आणि परकर शिवायला घेतले. मी मुद्दाम शिलाई तपासली. कुठं टाका वाकडा नाही. रडत शिवणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्या, त्यांची शिलाई नागमोडी जाते. हिची सरळ होती, आणि मला तेच बघवेना.

दुपारी रफीकभाई कापडाला हात पुसत आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. म्हणाले, "ताई, और एक बार बसवतो. इंग्लिश निघाला तर अकरावीत टाकतो. नाही निघाला तर मग ती तुमचीच. कायमची मशीनवर ठेवा."

मी म्हटलं, "बरं."

लगेच म्हटलं. एका दमात. शबानाची मान वर झाली नाही, पण तिची मशीन थांबली.

खरं काय ते सांगते. असा हात मला बावीस वर्षांत दुसरा मिळाला नव्हता. कापड तिच्या बोटाखाली आपोआप वळायचं. ती पास झाली तर माझी तिसरी मशीन रिकामी होणार होती. नापास झाली तर दुकान उभं राहणार होतं. ते "बरं" कुठून आलं ते मला माहीत आहे.

•

मशीनवर पुस्तक ठेवता येत नाही. तेल लागतं, पानं सुईखाली येतात. म्हणून शबानानं कापायच्या टेबलावर खडूनं नियम लिहायला सुरुवात केली. आमचा मार्किंगचा निळा खडू. पूर्ण टेबलभर लिहायची, ही-शी-इट आलं की काय, आय-वुई-यू आलं की काय.

मी म्हटलं, "टेबल माझं आहे. कापड आलं की मी पसरणार."

"पसरा ना ताई."

गिऱ्हाईक आलं, मी कापड पसरलं, हातानं सारखं केलं, की खालचं सगळं पुसलं जायचं. म्हणजे पुढचं कापड यायच्या आत पाठ करायचं. बाई रस्ता ओलांडताना दिसली की दोघींचे ओठ भराभर हलायला लागायचे. एकदा एक बाई पायरीवरच थबकली. म्हणाली, "माह्यासाठी मंतर म्हणून राह्यल्या का वो ह्या?"

•

टेबल भरलं की शबाना हातातल्या कापडावरही लिहायची. एका बँकेतल्या मॅडमचं ब्लाऊज होतं. अस्तरावर हिनं टेन्स लिहिले, मी न बघता अस्तर जोडलं, ब्लाऊज गेलं. आठ दिवसांनी मॅडमचा माणूस ते पिशवीत घेऊन आला. मला वाटलं आता भांडण.

उलटून पाहिलं तर आत लाल पेनानं दोन ठिकाणी दुरुस्ती केलेली. खाली लिहिलं होतं, दहापैकी सात. आणि त्याखाली मराठीत, "डाव्या बाजूला अर्धा इंच सैल करावे."

मी अर्धा इंच सैल केलं. शबानानं ती दुरुस्ती उतरवून घेतली. पण त्या दिवसापासून गिऱ्हाइकाच्या कापडावर लिहायला बंदी. लिहायचं तर बकरमच्या तुकड्यांवर लिहा म्हटलं. बकरम म्हणजे कॉलर कडक राहावी म्हणून आत घालतो ते जाड पांढरं कापड. त्याचे तुकडे रोजचे उरतात, आणि त्यावर पेन चांगलं उमटतं. हे मीच सांगितलं. लक्षात ठेवा.

•

राऊत गुरुजी रिटायर्ड. पॅन्ट कमरेला सैल करायला घेऊन आले होते. मी जेन्ट्सचं काम घेत नाही, पण त्यांनी टेबलावरचं वाचलं आणि बोटानं एक अक्षर पुसून दुसरं लिहिलं. मी पॅन्ट ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी आले, "झाली का?"

"उद्या या गुरुजी."

तेवढ्यात ते स्टुलावर बसले आणि दोघींना ए, अॅन, द सांगून गेले. तिसऱ्या दिवशी उद्या, चौथ्या दिवशी उद्या. असं करत करत सगळे टेन्स झाले. दहाव्या दिवशी गुरुजी म्हणाले, "बाई, मी दुसरी पॅन्ट आणू का? हिचं कापड उसवून उसवून विरलं असेल."

मला लाज वाटली. म्हटलं, "गुरुजी, तिला अजून हात लावला नाही."

"ते मला तिसऱ्याच दिवशी कळलं," म्हणाले. "आज काय घ्यायचं? पॅसिव्ह व्हॉइस?"

•

त्या पॅसिव्हचं ऐका. गुरुजी समजावत होते, "करणारा मागे जातो. कधी कधी तर पार निघून जातो. काच फोडली गेली. कोणी फोडली, ते सांगायची गरज नाही."

मी काजं करत होते. म्हटलं, "गुरुजी, हे मले येते."

"कसं काय?"

"आमच्या घरी सगळे असंच बोलत. वंदनाचं नाव शाळेतून काढण्यात आलं. वंदनाचं लग्न लावून देण्यात आलं. मी बापाले विचारलं, काढलं कोणी? तो म्हणे, निघालं. मायले विचारलं, ती म्हणे, निघालं. काकाले विचारलं. आजपर्यंत सापडला नाही तो माणूस."

दोघी हसायला लागल्या आणि मधेच थांबल्या. गुरुजींनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "पायल, पुढचं वाक्य तू घे."

•

फेब्रुवारीत लग्नाची गर्दी सुरू झाली आणि मी शबानापुढं ब्लाऊजचा ढीग टाकला. सगळी नाजूक कामं, लटकनवाली, नेटवाली. दुसरं कोण करणार होतं? टेबलावर खडू उमटायचा बंद झाला. गुरुजी दोन दिवस येऊन, पाणी पिऊन परत गेले.

पायल तशी कमी बोलते. तिसऱ्या दिवशी मशीन न थांबवताच म्हणाली, "ताई, तिले नापासच करायचं आहे का तुमाले?"

मी तिला खूप बोलले. तुझी अक्कल किती, तू बोलतेस किती, तुले कोणं विचारलं. सगळं बोलून झाल्यावर शबानापुढचा अर्ध्याहून जास्त ढीग उचलून माझ्या मशीनवर आणला. पायलशी दोन दिवस बोलले नाही. त्यातली दोन ब्लाऊजं मी बिघडवली, ती बिघडवली. माझा हात तसा नाही.

•

आमच्या दुकानात एक पद्धत आहे, माझ्या आईची. अंगावरचं कापड अंगावर असताना शिवू नये. शिवायचीच वेळ आली तर ज्याच्या अंगावर शिवतो त्यानं दातात दोरा धरायचा आणि गाठ पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. नाहीतर कापडाबरोबर माणसाची आठवणही शिवली जाते.

परीक्षेला आठवडा राहिला असताना पायलच्या कुर्त्याचं बटण तुटलं. मी सुई घेऊन तशीच लावायला गेले.

शबाना म्हणाली, "काय ताई, तुमी पण. इंग्लिश शिकून राह्यलो आपण, अन् हे असलं मानता?"

मी म्हटलं, "नको मानू. पायल, धरते का दोरा, का तशीच लावू?"

पायलनं एक क्षण विचार केला. मग हात पुढं करून दोरा घेतला आणि दातात धरला. गाठ मारीपर्यंत शबानासुद्धा बोलली नाही. जणू तिचीच आठवण सुईखाली होती.

•

आता शेवटचा.

पेपरसाठी शबानाला मी माझ्याकडून कुर्ता शिवून दिला, फिकट आकाशी. बाहीच्या टोकाला पट्टी घातली, आणि पट्टी कडक राहावी म्हणून आत बकरम. डब्यातला वरचा तुकडा उचलला, मापात बसला, शिवून टाकला. चष्मा कपाळावर होता.

पेपरच्या सकाळी तिला केंद्रावर मीच स्कूटीवर सोडायला गेले. पायल आत गेली होती. फाटकाच्या आत टेबल टाकलेलं, त्यावर खडूचा डबा, याद्या. एक मॅडम मुलींची झडती घेत होत्या. शबानानं हात वर केले. मॅडमनी डावी बाही धरली, उन्हाकडं केली आणि थांबल्या.

पट्टीच्या आत निळी अक्षरं दिसत होती.

"कॉपी," मॅडम म्हणाल्या. "सर, इकडं या."

शबानानं माझ्याकडं पाहिलं. मला त्या क्षणी कळलं तो तुकडा कोणता होता आणि कोणी उचलला होता. कॉपीची केस झाली तर हा पेपर तर जाणारच होता, पुढं परीक्षेला बसू देतील की नाही कोण जाणे. रफीकभाईंचा शब्द मला पाठ होता. ती पोरगी अकराला परत दुकानात येणार होती. कायमची.

मी फाटक लोटून आत गेले. शिपाई म्हणाला, बाई, बाहेर. मी म्हटलं, "हात लावून पाह्य."

केंद्राचे मुख्य सर आले. उंच, थकलेले.

मी म्हटलं, "मॅडम, ही कॉपी आहे ना? मग मले वाचून दाखवा. न उसवता."

मॅडमनी बाही वळवली, डोळ्याजवळ नेली. चारी बाजूंनी बारीक टाका. निळं दिसत होतं, पण अक्षर एकही लागत नव्हतं.

सर म्हणाले, "उसवा."

माझ्या गळ्यात दोरा कापायची छोटी कात्री कायम असते. टाका काढला, बकरम ओढलं, सरांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं. दोन्ही बाजू वाचल्या.

"लिहिलं कोणी?"

"हिनं. अभ्यासाले. शिवलं मी, न पाहता. केस करायची तर माह्यावर करा. मी चौथी पास आहे सर. मले कोणत्या परीक्षेतून काढता ते काढा."

पहिली घंटा झाली. शबानाची बाही लोंबत होती, दोरे सुटलेले. तशी तिला आत कशी पाठवू? पदराला सुई होती ती काढली, दोरा ओवला. तुकडा तोडून तिच्यापुढं धरला, तर तिनं न सांगता दातात घेतला. मी शिवायला लागले.

सर म्हणाले, "मुली, यावर लिहिलंय ते तुला येतं? सांग मला."

शबाना गप्प.

"येत नाही?"

मी म्हटलं, "दोरा टाक अन् बोल." तिनं मान हलवली. नाही. दात आणखी घट्ट केले.

मॅडम म्हणाल्या, "पाहा सर."

शबानानं उजवा हात लांब केला, डब्यातून खडू घेतला आणि सरांच्या टेबलावर लिहायला लागली. याद्या बाजूला सरकवून लिहायला लागली. मी डाव्या बाहीला टाके घालत होते आणि ती लिहीत होती. सर एकदा बकरमकडं बघायचे, एकदा टेबलाकडं. थोड्या वेळानं त्यांनी बकरमकडं बघणं सोडलं. ती थांबली नव्हती. एक कडा संपली, ती दुसऱ्या कडेनं निघाली.

मी गाठ मारली, दोरा तोडला. तिनं दातातला दोरा काढून माझ्या हातात दिला.

सर म्हणाले, "आत जा."

ती धावत गेली. दुसरी घंटा झाली. फाटकातून उशिरा आलेल्या मुलींचा घोळका आत शिरला आणि सरळ टेबलाकडं यायला लागला.

मॅडम ओरडल्या, "सर, टेबल!"

सरांनी खिशातून रुमाल काढला आणि पुसायला लागले. वाकून, दोन्ही हातांनी. कोपऱ्यातलं निघत नव्हतं. तिथं त्यांनी बोटाला थुंकी लावली आणि पाटी पुसतात तसं पुसलं.